सोलापूर ते चेन्नई: भाचीच्या यकृत प्रत्यारोपणासाठी

दीड वर्षाच्या भाचीला हेपॅटोब्लास्टोमा निघाला. लहान मुलांच्या यकृतात सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच, आणि बहुतेक मुलं तीन वर्षांच्या आतली. परळला टाटामध्ये सिस्प्लॅटिनची केमो सुरू झाली. रक्तातलं एएफपी (या गाठीमुळे वाढणारं प्रथिन) उतरलं, गाठ आकसली, पण यकृताच्या चारही भागांत पसरल्यामुळे कापून काढता येईना. म्हणून चेन्नईला, क्रोमपेटच्या रेला हॉस्पिटलात गेलो.

मागून येणाऱ्यांना कळकळीने सांगतो, केमो संपायची वाट बघू नका. शेवटच्या केमोनंतर साधारण चार आठवड्यांत प्रत्यारोपण व्हावं लागतं, आणि दात्याच्या तपासण्या नि पैशांची जुळवाजुळव यातच ते दिवस सरतात. केमो चालू असतानाच स्कॅन आणि बायोप्सीचे रिपोर्ट प्रत्यारोपणाच्या हॉस्पिटलला पाठवून द्या. फुप्फुसात गाठी असतील तर आधी त्या जाव्या लागतात, हेही तेव्हाच कळतं.

दाता ताई. रक्तगट जुळला. बाळाला यकृताच्या डाव्या बाजूचा छोटा तुकडा पुरतो आणि आईचं यकृत पुन्हा वाढतं. तरी दाजींचीही तपासणी करून ठेवली. एकाच दात्याच्या भरवशावर निघू नये. नातं सिद्ध करायला जन्मदाखला, विवाह नोंदणी, आधार, रेशनकार्ड, घरातले जुने फोटो, सगळं मूळ प्रतींसह न्या. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे मुलाखत होते, तिचं चित्रीकरणही होतं.

माणसं किती न्यायची याचा विचार फार कमी जण करतात. आई आणि लेक एकाच दिवशी ऑपरेशनला जातात, आयसीयू वेगवेगळे. पोर शुद्धीवर आली की आईच मागते, आणि आईला तर कूस बदलता येत नाही. आमच्याकडे भाचीजवळ आजी, ताईजवळ दाजी आणि औषधं-बिलांच्या धावपळीला मी. तिघांपेक्षा कमी माणसांत हे निभणं कठीण. खोली हॉस्पिटलजवळ, स्वयंपाकघर असलेलीच घ्या, कारण पुढचे काही महिने तिथेच काढायचे असतात आणि बाळाला बाहेरचं खाणं-पाणी चालत नाही.

मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापुरावरूनच जाते, पण केमोने रक्तातल्या पेशी उतरलेल्या असतील तर प्रवासाआधी डॉक्टरांना विचारा.

टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून द्यायचं औषध, बारा-बारा तासांनी, ठरल्या वेळीच. त्याची रक्तातली पातळी आपल्या गावात कोण तपासतं ते परतण्याआधी शोधून ठेवा. गोवरासारख्या जिवंत लसींबद्दल प्रत्यारोपणाआधीच विचारा, आणि कानांची तपासणी मागून घ्या. सिस्प्लॅटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं.