दोराची वही : वर्षावास ते वेचणी

ही वही शिबारीची, म्हणजे माणसाला दोरानं बांधण्याच्या जपानी कलेची. या वेळची नोंद बांधणीच्या नमुन्यांबद्दल कमी आणि बोलण्याबद्दल जास्त आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, आश्विन पौर्णिमेपर्यंत नवीन बांधणी शिकायची नाही. एकच घ्यायची : मनगटाचा साधा सिंगल कॉलम, म्हणजे एकाच अवयवाभोवती दोराचे वेढे आणि गाठ; जमिनीवर, चटईवर बसून. विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. ते आटोपलं, जेवणं झाली, घर निजलं, की मागच्या खोलीत आमची बैठक.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही नवरा-बायको, चाळिशीतले. वावरात कपाशी आणि तूर. मिस्टर बांधतात, मी बांधून घेते, कधी उलटही. शिबारीतल्या टांगणीच्या वाटेला आम्ही जात नाही. जुन्या घराचं सागवानी आडं कितीही दणकट दिसलं तरी ते कौलांचं वजन पेलायला बसवलेलं असतं, हलत्या माणसाचं नाही. खेड्यातल्या कुणाला तसा मोह होत असेल तर कृपा करून मनातून काढून टाका.

दोराबद्दल खूप जणांनी विचारलं होतं. आठवडी बाजारातली तागाची दोरी घेतली तर तिला घासलेटासारखा वास येतो. गिरणीत ताग मऊ करायला खनिज तेल मारतात, त्याचा तो वास. म्हणून आम्ही दोर आधी साध्या पाण्यात उकळतो, पाणी बदलून पुन्हा उकळतो. मग दोन खांबांना ताणून, मधे वजन अडकवून सावलीत वाळवतो. ताण दिला नाही तर वाळताना पीळ आखडतो आणि दोर वेटोळी घालतो. श्रावणात अंगणात दोर वाळत असला तर आमच्याकडे कुणी थांबून पाहत नाही, कारण पोळ्याआधी बैलांच्या वेसणी, म्होरक्या, कासरे घरोघरी नवे होतात. वाळल्यावर गॅसच्या ज्योतीवरून झरझर फिरवून वर आलेले तंतू जाळायचे आणि ओल्या फडक्यानं पुसायचं. तेलाचे थेंब सगळ्यात शेवटी, तेही मोजके. तेल लावून ज्योतीवर धरायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. जाडी साधारण ६ मिलीमीटर, लांबी ८ मीटरच्या आसपास. जपानातही तागाच्या दोराचं माप याच अंगानं जातं.

तेलाबद्दल एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. आपल्याकडे जवस घरचा, त्यामुळे हात पहिला जवसाच्या तेलाकडे जातो. ते लावू नका. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून तर ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. दोर चिकट होतो, पुढे कडक होतो. आणि त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेटूही शकतात. कापूस साठवलेल्या घरात हा धोका कुणीच घेऊ नये. आम्ही जोजोबा वापरतो. महाग आहे, पण खवट होत नाही आणि थेंबाथेंबानं पुरतो.

गावात दोर वळणारे एक काका आहेत. मातंग समाजातले, हा हुन्नर त्यांच्या घरात पिढ्यांपासूनचा. त्यांच्याजवळ बसून मी अंबाडीचा तीनपदरी दोर वळताना पाहिला. आधी अंबाडी पाण्यात कुजवायची, झोडपायची, वाक, म्हणजे तंतू, सोडवायचा, मग वळायचं. काका एकच गोष्ट वारंवार म्हणत होते : "पीळ सारखा पायजे बाई, नाही तं दोर एकाच जागी खाते." मनगटावर दोराचे पदर शेजारी शेजारी सपाट बसले पाहिजेत, एकावर एक चढले तर सगळा दाब एका रेषेत येतो, हे शिबारी शिकवणारे सांगतात. काकांनी बैलाच्या मानेसाठी तेच सांगितलं.

आता अध्यात्माबद्दल. ही कला म्हणजे हजारो वर्षांची साधना आहे, दोरानं चक्रं उघडतात, ऊर्जा वाहते, असं बरंच कानावर येतं. मला ते पटत नाही, आणि इतिहासही तसा नाही. शिबारीचं मूळ सांगतात ते होजोजुत्सूपाशी, म्हणजे कैद्याला दोरानं जखडायच्या विद्येपाशी. जपानच्या एदो काळात, १६०३ ते १८६८, ती शिपायांची विद्या होती. कैदी कोणत्या दर्जाचा, गुन्हा कोणता, यावरून बांधणी बदलायची. बघणाऱ्याला दोरावरूनच माणसाची पायरी कळायची. हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप आली नाही. माणसाची पायरी अंगावर दिसावी ही व्यवस्था आमच्या आज्या-पणज्यांनी जपानात न जाता भोगली आहे. पुढे विसाव्या शतकात चित्रकार इतो सेइयू, १८८२ ते १९६१, यांच्यासारख्यांनी त्या बांधणीकडे चित्र म्हणून, शृंगार म्हणून पाहिलं, आणि आजच्या किनबाकूची, म्हणजे शृंगाराच्या बांधणीची, वाट तिथून निघाली. मग साधना कुठून आली? आज करणाऱ्या माणसांनी ती आणली. दोघांच्या राजीखुशीनं, कुणाची पायरी न ठरवता, हवं तेव्हा सोडता येईल अशा गाठीनं. मला हे मूळ लपवायचं नाही. दोर कुठून आला हे ठाऊक असलं की संमती ही नुसती सुरुवातीची औपचारिकता राहत नाही. आमच्याकडे ती दर बैठकीला नव्यानं विचारली जाते, आणि 'आज नको' म्हटलं तर त्याचं कारण द्यावं लागत नाही.

जपानात पवित्र दोराची परंपरा आहेच, पण ती वेगळी. भाताच्या पेंढ्याचा शिमेनावा देवळाला, जुन्या झाडाला, खडकाला बांधतात. इथून पुढची जागा निराळी आहे एवढं तो सांगतो. मिए प्रांतात फुतामीच्या समुद्रात दोन खडक आहेत, नवरा-बायकोचे म्हणून ओळखले जाणारे. त्यांच्यामधला जाडजूड शिमेनावा वर्षातून तीनदा नवा करतात. हे मला फार आवडलं. एकदा बांधलं की झालं असं नाही. लाटा येतात, दोर झिजतो, पुन्हा माणसं जमून वळतात. आपल्याकडे विहारात परित्राणपाठ होतो तेव्हा पांढरा धागा सगळ्यांच्या हातातून फिरतो, पाठ संपेपर्यंत प्रत्येक जण तो धरून बसतो, मग मनगटाला बांधतात. लहानपणापासून मी तो धागा धरला आहे. चमत्कारावर माझा विश्वास नाही, पण तो धागा हातात असताना माझं मन इकडेतिकडे जात नाही. दोराशी माझं जे नातं आहे ते त्या धाग्याच्या जवळचं आहे.

आता या हंगामात जे खरं कळलं ते.

मी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलेलं आहे. ज्यांनी केलं त्यांना माहीत आहे : पहिले तीन दिवस आनापान, नुसता श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि मग अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात. तासभर हात, पाय, डोळे न उघडता बसायचं. पाय बधिर झाला, कंबर पेटली, तरी हलायचं नाही, फक्त पाहायचं, अनित्य आहे म्हणायचं. या सवयीनं मला आयुष्यात खूप दिलं. सासूबाईंच्या आजारपणात, नापिकीच्या वर्षात मी त्याच सवयीवर तग धरला.

दोरात ही सवय घातक आहे, आणि हे मला मोठ्यानं म्हणायचं आहे, कारण आपल्यातले अनेक जण ध्यानाकडून दोराकडे आले आहेत. आसनावर पायाला मुंग्या आल्या तर शरीर तुमच्याच ताब्यात असतं, उठलात की रक्त धावतं. दोरात दाब बाहेरून असतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, कोपराच्या आत, गुडघ्याच्या बाहेर नसा हाडाला लागून जातात आणि तिथला दाब साक्षीभावानं पाहत बसलं तर नुकसान होतं. दंडावरची नस दुखावली तर मनगट लुळं पडतं, बरं व्हायला आठवडे, महिने जातात. ज्या बाईला पहाटे उठून भाकरी थापायच्या आहेत आणि दिवसभर कापूस वेचायचा आहे, तिच्यासाठी मनगट म्हणजे काय हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. म्हणूनच दंडावरून जाणारी ती प्रसिद्ध पाठीमागची बांधणी आम्ही अजून हातात घेतलेली नाही. समोर बसून शिकवणारं कुणी मिळाल्याशिवाय घेणारही नाही.

तर आम्ही आनापान ठेवला आणि अधिष्ठान काढलं. म्हणजे श्वासाकडे लक्ष तसंच, पण जी संवेदना येईल ती बोलायची. बरी-वाईट ठरवायची नाही, फक्त सांगायची. "डाव्या अंगठ्याजवळ थंड वाटते." "दोर गरम झाला." "हाताले मुंग्या आल्या." मिस्टर विचारतात, "सोडू का वं?" मी "सोडा" म्हटलं की सोडतात, आणि दोघांपैकी कुणाचं काही बिघडत नाही. सुरुवातीला मला वाटलं होतं बोलल्यानं तंद्री मोडेल. उलट झालं. सांगायचं म्हटलं की नीट पाहावं लागतं. 'दुखतंय' एवढं पुरत नाही; कुठे, किती, पसरतंय की एका जागी आहे, हे आधी आपल्याला कळावं लागतं. सगळा हात हळूहळू जड, निळसर, थंड होत असेल तर तो रक्ताचा प्रश्न. एकाच बोटात विजेसारखी कळ, किंवा अचानक जोर गेला, तर तो नसेचा, आणि त्याला थांबायचं नसतं, लगेच सोडायचं. हा फरक मला आतून ओळखता येऊ लागला तो या बोलण्यामुळे.

दर थोड्या वेळानं मी मनगट वर उचलून दाखवते, बोटं फाकवते, अंगठा करंगळीला टेकवते, त्यांचं बोट घट्ट धरते. बांधण्याआधीही हेच करतो. वेचणी सुरू झाल्यावर तर ते फारच गरजेचं झालं, कारण दिवसभर बोंडातून कापूस ओढून बोटं आधीच ओरखडलेली, अर्धी बधिर असतात. बांधण्याआधीची अवस्था माहीत नसेल तर नंतरची कशी ओळखायची? ज्या दिवशी बोंडाच्या टोकांनी मनगट सोललेलं असतं त्या दिवशी दोर काढतच नाही, नुसतं समोरासमोर बसून श्वास पाहतो. मी त्यालाही बैठकच धरते.

बांधणाऱ्याच्या बाजूनं मिस्टरांचं म्हणणं लिहून ठेवते. त्यांना ध्यान कधी जमलं नाही, डोळे मिटले की झोप येते. दोर हातात असला की मात्र ते पूर्ण जागे असतात. त्यांनी स्वतःहून एक पद्धत बसवली : वेढा घालायचा तो माझ्या बाहेर जाणाऱ्या श्वासावर, आणि दोर ओढायचा नाही, ठेवायचा. बुद्धांनी सोण या भिक्खूला सांगितलेली वीणेची गोष्ट त्यांना विहारातून पाठ आहे. तार फार ताणली तर वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. मनगट आणि दोर यांच्यात दोन बोटं सहज सरकली पाहिजेत हे माप त्यांनी त्या गोष्टीशी जोडून टाकलं आणि मला ते मनापासून पटलं.

सोडण्याला आम्ही आता बांधण्याइतकाच वेळ देतो. पूर्वी गाठ सुटली की दोर भराभर ओढून गुंडाळला जायचा. आता एकेक वेढा सावकाश, दोर कातडीवरून घासू न देता. दोराचे वळ पाहत बसणं हीसुद्धा शिकवण आहे. अनित्य म्हणजे काय हे माझ्या मनगटावर मला पुसट होताना दिसतं. मग पाणी, गुळाचा खडा, अंगावर चादर.

विहारातल्या एका मैत्रिणीनं, जिला मी हे सांगितलं आहे, सरळ प्रश्न विचारला : सगळा धम्म बंधनं तोडायला सांगतो आणि तू बांधून का घेतेस? प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं : दोरात बसलं की मला माझी धडपड दिसते. नाकाला खाज आली, हात जात नाही, तेवढ्यावरून मन किती चिडतं. आणि दुसऱ्या टोकाला, काहीच करायचं नाही याचं सुख मिळालं की मन त्यालाच किती चिकटतं, उद्या पुन्हा हवं म्हणतं. चिडणं आणि चिकटणं, दोन्ही एका तासात, डोळ्यांसमोर. हे बंधन सुटायचं कसं ते मला माहीत आहे, तिकडे बोट दाखवलं की सुटतं. आतलं तसं सुटत नाही. तिला उत्तर अर्धंच पटलं. तिचं म्हणणं होतं की एवढं पाहायला आसन पुरतं. पुरत असेलही; मला घरकामाच्या आयुष्यात आसनावर 'काहीच करायचं नाही' हे कधी खरं वाटलं नव्हतं, कान स्वयंपाकघराकडेच असायचे.

खोलीच्या व्यवस्थेत केलेले बदल : प्लास्टर कापायची बोथट टोकाची कात्री मांडीजवळ, खिशात नाही. टॉर्च पेटती, कारण लाईन केव्हा जाईल सांगता येत नाही. बांधलेलं असताना दुसऱ्यानं खोलीबाहेर जायचं नाही, दारावर कुणी आलं तर आधी दोर सोडायचा. मानेजवळ दोर नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा फक्त पहाटे, भरपूर पाणी पिऊन. आणि कापसाची गादी मऊ म्हणून गंजीवर बसायचं नाही. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते.

पुढचं असं ठरलं आहे. वेचणी उरकेपर्यंत हाच सिंगल कॉलम. त्यानंतर घोट्यांचा डबल कॉलम, म्हणजे दोन्ही घोटे एकमेकांशी बांधायचे, कारण पायाची चूक हातापेक्षा उशिरा कळते आणि मला आधी सांगण्याची सवय पक्की हवी होती. मिस्टरांची बांधून घेण्याची पाळीही वाढवायची आहे. त्यांना सांगणं माझ्याहून जड जातं, विचारलं की "ठीक आहे" म्हणतात. आम्ही 'ठीक आहे' हे उत्तर बैठकीत बंद केलं आहे.

काकांकडून अंबाडीचा एक बारीक दोर वळून घेतला आहे, पण तो तागापेक्षा खरखरीत आहे. उकळून, ज्योतीवर धरूनही कातडीवर टोचतो. कुणी अंबाडी मऊ केली असेल तर किती वेळा उकळली, सोडा घातला की नाही, आणि दोराची ताकद किती उतरली, ते नक्की लिहा.