वरच्या मजल्यावरचा शेजारी

फ्रँकफर्टहून मुंबईला येणारे लुफ्तहान्साचे दुपारचे विमान मी शक्यतो सोडत नाही, आणि याला वेळापत्रकापेक्षा विमानच अधिक कारण आहे. या मार्गावर बहुधा बोइंग 747-8 असते, म्हणजे ज्याला आपण आयुष्यभर जंबो म्हणत आलो त्याचा अखेरचा आणि सर्वांत लांब अवतार. लांबी 76 मीटरांहून थोडी अधिक, पंखांखाली चार इंजिने आणि पुढच्या भागावर ते ओळखीचे कुबड. 1960च्या दशकात असा अंदाज होता की लवकरच ध्वनीपेक्षा वेगवान विमाने प्रवाशांना नेऊ लागतील आणि जंबोच्या वाट्याला मालवाहतूक उरेल; तेव्हा नाकाचा दरवाजा उघडून थेट माल भरता यावा म्हणून वैमानिकांची खोली वर उचलण्यात आली आणि तिच्यामागे जी जागा निघाली तिचा वरचा मजला झाला. ती वेगवान विमाने आली आणि गेलीही, जंबोने मात्र पन्नासहून अधिक वर्षे प्रवासी वाहिले. कारखान्यातून बाहेर पडलेले शेवटचे जंबो जानेवारी 2023 मध्ये एका मालवाहू कंपनीच्या ताब्यात गेले, हा योगायोग मला अजूनही गमतीचा वाटतो.

त्या वरच्या मजल्यावर बसण्याची माझी इच्छा जुनी होती. मी श्टुटगार्टला एका वाहननिर्मिती कंपनीत गिअरबॉक्सच्या विभागात काम करतो आणि कंपनीच्या कामाने चाकण व श्टुटगार्ट यांच्यामध्ये येजा करताना खात्यावर माइल्स, म्हणजे विमानकंपनीकडून प्रवासाबद्दल मिळणारे गुण, साठत गेले. (श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरे आहेत, ही माहिती तेथील मराठी मंडळी नवीन येणाऱ्याला आवर्जून देतात.) दिवाळीला घरी जाताना ते माइल्स खर्चून मी इकॉनॉमीचे तिकीट बिझनेसमध्ये बदलून घेतले. श्टुटगार्टहून विमानतळाच्या खालीच येणारी आगगाडी सव्वा तासात पोहोचवते, त्यामुळे हाताशी वेळ भरपूर होता.

सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे दोन माणसे सोडून एक गृहस्थ उभे होते. साधी निळी टोपी, खांद्याला कापडी पिशवी आणि उजव्या पायावर किंचित भार टाकून चालण्याची लकब. पट्टा ट्रेमध्ये ठेवायचा राहून गेला होता, म्हणून तेथील कर्मचाऱ्याने त्यांना जर्मन शिस्तीच्या कोरड्या आवाजात माघारी पाठवले. ते निमूटपणे मागे आले, पट्टा काढला आणि पुन्हा रांगेत शिरले. वळताना चेहरा दिसला आणि माझे हातपाय क्षणभर थबकले, कारण शाळा बुडवून, शेजाऱ्यांच्या दूरचित्रवाणीसंचासमोर जमिनीवर बसून, ज्यांची फलंदाजी आम्ही पाहिली ते हेच होते. मुंबईत हा माणूस दादर स्थानकावरून शिवाजी पार्कपर्यंत अर्ध्या तासातही पोहोचू शकणार नाही. फ्रँकफर्टमध्ये मात्र तो पट्टा काढायला विसरलेला एक वयस्क प्रवासी होता, एवढेच.

त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. तर्क करता येतील असे तपशीलही थोडे मागेपुढे केले आहेत. त्यांनी विमानात आसन विकत घेतले होते, व्यासपीठ नव्हे, आणि शेजारी बसायला मिळाले म्हणून त्यांचे आठ तास चव्हाट्यावर मांडण्याचा हक्क मला मिळतो असे वाटत नाही.

जर्मनीत क्रिकेटपटूला कोणीच ओळखत नाही, हा माझा समज मात्र लाउंजमध्ये मोडला. बटाट्याचे सॅलड आणि मीठ लावलेले ब्रेत्सेल घेऊन मी एका कोपऱ्यात बसलो होतो. ते पलीकडे खिडकीशी चहा घेत होते. रिकाम्या बशा गोळा करणारा एक तरुण त्यांच्या टेबलाशी आला, कप उचलला आणि तो हातात तसाच धरून उभा राहिला. मग त्याने पश्तो वळणाच्या हिंदीत त्यांचे नाव घेतले. 2015 नंतर अफगाणिस्तानातून जर्मनीत आश्रयाला आलेल्या हजारो तरुणांनी आपल्याबरोबर क्रिकेट आणले, आणि आज तेथील गावोगावचे क्लब त्यांच्याच जिवावर उभे आहेत, हे मला ठाऊक होते. श्टुटगार्टच्या आमच्या रविवारच्या सामन्यातही वेगवान गोलंदाज बहुधा अफगाणच असतो. पण त्या क्षणी ते ध्यानात आले नव्हते. त्या मुलाने फोन काढला नाही, कामावर असताना कदाचित तशी मुभा नसावी. गृहस्थांनी त्याला खुर्ची दाखवली, तो बसला नाही. मग तेच उठून उभे राहिले आणि दोघांत मनगटाच्या वळणाविषयी काही बोलणे झाले, कारण त्या मुलाने हातातला कप चेंडूसारखा धरून दाखवला. तेवढ्यात कोणीतरी त्याला हाक मारली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याने हे सगळे कुतूहलाने पाहिले, आणि बाईंनी नवऱ्याला हळूच विचारले की तो माणूस राजकारणी असेल का.

विमानात वरच्या मजल्याचा जिना चढून गेलो. तेथे 32 आसने, मधून एकच वाट आणि दोन्ही बाजूंना दोन-दोनची जोडी, त्यामुळे सबंध विमानातला हा सर्वांत शांत आणि सर्वांत घरगुती कोपरा असतो. विमानाची भिंत येथे आत कललेली असल्याने खिडकी आणि आसन यांच्यामध्ये लांबलचक झाकणाची पेटी असते, तिच्यात हातातली पिशवी मावते. माझे आसन वाटेकडचे होते. खिडकीकडच्या आसनावर बसून, ती पेटी उघडून, निळी टोपी आत ठेवत होते तेच गृहस्थ.

येथे या आसनांविषयी थोडे सांगायला हवे. हल्लीच्या बिझनेस वर्गात प्रत्येक प्रवाशाला दार लावता येईल अशी स्वतंत्र खोपटी मिळते आणि शेजारी कोण आहे हे उतरेपर्यंत कळत नाही. जंबोवरची ही आसने त्याआधीच्या पिढीची. जोडीतली दोन आसने पायांच्या बाजूला एकमेकांकडे किंचित कललेली असतात. आसन पसरून पलंग केला की दोन अनोळखी माणसांची डोकी दूर आणि पावले जवळजवळ एकमेकांना लागून, अशी रचना होते. प्रवासाचे परीक्षण लिहिणारे लोक तिच्यावर नाके मुरडतात. मला विचाराल तर त्या आठ तासांसाठी मी ती कोणत्याही दरवाजाच्या खोपटीशी बदलली नसती.

विमान उंचावर स्थिरावल्यावर त्यांनी पायमोजे काढले आणि पिशवीतून क्रेप बँडेजची गुंडाळी काढून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सफाईने बांधायला सुरुवात केली. मी मान वळवली. तेव्हा तेच मराठीत म्हणाले, “बघा हो, काही हरकत नाही. सुजतो नाहीतर.” मी मराठी आहे हे त्यांनी कसे ओळखले ते विचारल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या दिवाळी अंकाकडे बोट दाखवले. विमानातली हवा साधारण 8,000 फुटांपर्यंतच्या उंचीवर असावी इतकी विरळ राखलेली असते. आपला कळसूबाईचा माथा 1,646 मीटरांवर, म्हणजे सुमारे 5,400 फुटांवर आहे. त्या हवेत, तासन्‌तास बसून राहिल्याने धडधाकट माणसाचेही पाय जड होतात, मग ज्या गुडघ्यांनी दोन दशके कडक खेळपट्ट्यांवर धावा पळून काढल्या त्यांची काय कथा. त्या गुडघ्यांना पाहायला एकेकाळी गावातले लोक दुकाने बंद ठेवत असत, आणि आता ते माझ्या पावलांपासून वीतभर अंतरावर होते.

जेवणाच्या वेळी त्यांनी भात आणि दही मागितले, वाइन नाकारली आणि टोमॅटोचा रस घेतला. विमानात अनेक जण टोमॅटोचा रस का मागतात, याचा शोध लुफ्तहान्साने म्युनिकजवळच्या फ्राउनहोफर संस्थेकडून करवून घेतला होता. कमी दाबाच्या कोरड्या हवेत मीठ आणि साखर यांची चव बोथट होते, टोमॅटोची मात्र टिकून राहते, असे त्यातून दिसले. मी हे सांगितल्यावर त्यांनी ग्लासाकडे पाहिले आणि म्हणाले की आपण हे गेली कित्येक वर्षे पितो आहोत आणि आपल्याला वाटत होते की ही आपलीच सवय आहे.

त्यांना विचारावेसे काय नव्हते! एक विशिष्ट सामना होता, त्यातला एक विशिष्ट चेंडू होता, आणि त्यावर ते बाद झाले नसते तर काय झाले असते हा प्रश्न आमच्या आळीत आजही सुटलेला नाही. पण मला जाणवले की हा प्रश्न त्यांना प्रत्येक लग्नात, प्रत्येक उद्घाटनात आणि बहुधा प्रत्येक दंतवैद्याकडे विचारला गेला असणार. म्हणून मी कांगा लीगचा विषय काढला, आणि गृहस्थ उठून बसले.

1948 पासून मुंबईत पावसाळ्यातच खेळली जाणारी ही स्पर्धा ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती थट्टाच वाटते. उघड्या ओल्या खेळपट्ट्या, घोट्याएवढे गवत, आणि आझाद मैदानावर सामने इतके खेटून चाललेले की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या गोलंदाजाशेजारी उभा. उचलून मारल्याशिवाय चेंडू सीमेपर्यंत जात नाही आणि उचलून मारला की झेल जातो, त्यामुळे तेथे काढलेल्या तीस धावांना कोरड्या मैदानावरच्या शतकाचा मान. त्यांनी एका क्लबच्या तंबूतल्या बटाटेवड्याचे, शेजारच्या सामन्यात गेलेला चेंडू तिकडच्याच पंचाने खिशात टाकल्याचे आणि भिजलेली किट लोकलच्या मालडब्यातून नेताना झालेल्या भांडणांचे असे काही वर्णन केले की वाटेपलीकडचे जर्मन गृहस्थ कानातली यंत्रे काढून, एक शब्द न समजता, आमच्याकडे बघून हसू लागले. आंतरराष्ट्रीय धावांचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही. पहिल्या परदेश दौऱ्यात संघाला जंबोच्या अगदी मागच्या, धूम्रपानाच्या रांगांशेजारी बसवले होते आणि उंच वेगवान गोलंदाजांनी पाय वाटेत सोडून प्रवास केला, एवढे मात्र आठवून सांगितले. तेव्हा जंबोचा हा वरचा मजला अनेक कंपन्यांनी पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठकीची खोली म्हणून राखला होता. खालून जिना दिसायचा, त्यावर चढायची परवानगी नव्हती.

मी 26 सप्टेंबर 2007 चा विषय काढला. टी-ट्वेंटीचा विश्वचषक घेऊन संघ मुंबईत उतरला आणि विमानतळावरून वानखेडेपर्यंत उघड्या बसला पावसात कित्येक तास लागले, तो दिवस. ते म्हणाले, “जिंकून आल्यावर सगळेच न्यायला येतात. हरून आलो की आम्ही दोन-दोन जण टॅक्सी करून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडायचो. टॅक्सीवाला मीटर टाकायचा आणि चर्चगेटपर्यंत लेक्चर द्यायचा.” नंतर त्यांनी माझ्या गिअरबॉक्सविषयी बारकाईने प्रश्न विचारले, विजेच्या गाड्या आल्यावर तुमच्या विभागाचे काय होणार हेही विचारले, जे माझ्या घरच्या कोणी अद्याप विचारलेले नाही. काळा समुद्र मागे पडल्यावर ते झोपले.

मी फारसा झोपलो नाही. मध्येच एक भारतीय हवाईसेविका वर आली. या मार्गावर भारतातले काही कर्मचारी असतात आणि ती बहुधा खालच्या मजल्यावर काम करीत असावी. तिने पांघरूण नीट करण्याच्या निमित्ताने त्यांच्याकडे एकदा पाहिले, माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवले आणि खाली गेली. थोड्याच वेळात आणखी दोघे जण पाणी हवे का असे मला विचारून गेले. अरबी समुद्रावर येईपर्यंत मला इतके पाणी मिळाले की विचारायची सोय नाही. नकाशावर मुंबई जवळ येत होती तसतशी खालच्या मजल्यावर बातमी पसरत होती, हे त्या पाण्याच्या बाटल्यांवरून कळत होते.

विमान शहराला वळसा घालून पूर्वेकडून, ठाण्याच्या खाडीवरून घाटकोपरच्या दिव्यांवर उतरू लागले तेव्हा ते जागे झाले, बँडेज सोडून गुंडाळी केली आणि निळी टोपी पिशवीत टाकली. टोपी घालत नाही का, असे मी विचारले. “इथे तिचा उपयोग नाही,” ते म्हणाले.

खरेच नव्हता. विमानाच्या दारापासूनच ‘सर, सर’ सुरू झाले. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने पारपत्रावर शिक्का मारण्याआधी उभे राहून हात मिळवला, आणि मागच्या रांगेला त्या विलंबाबद्दल कोणतीही तक्रार नव्हती. मध्यरात्र उलटून तासभर झाला होता, तरी सामानाच्या पट्ट्याजवळ त्यांच्याभोवती कडे पडले. प्रत्येकाला छायाचित्र हवे होते आणि काढणारा कोणी नव्हता, म्हणून लोकांनी आपापले फोन माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. ते माझ्याकडे बघून खांदे उडवत, पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवत होते. ओला पट्टा बांधलेली त्यांची बॅग तेवढ्यात पुन्हा पुन्हा फेरी मारून जात होती, ती मी उतरवून घेतली. माझे स्वतःचे छायाचित्र काढायचे त्या गडबडीत कोणाच्याच मनात आले नाही, आणि त्याची मला अजून खंत वाटलेली नाही.

बॅग हातात दिसल्यावर सफारी घातलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि अदबीने विचारते झाले, “आपण साहेबांचे मॅनेजर का?”

“नाही, शेजारी,” मी म्हणालो. त्यांना ते पटले नसावे. त्यांनी माझ्या खिशात व्हिजिटिंग कार्ड सरकवले. नाशिकजवळ त्यांची क्रिकेट अकादमी आहे आणि उद्घाटनासाठी जानेवारीतली कोणतीही तारीख चालेल.