डावं पान, उजवं पान

शंभरीच्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांकडून एकाच विषयाचे अकरा प्रकल्प आले : १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन. साहजिकच होतं ते. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले, ते आमच्या टिळकवाडीतल्या अधिवेशनात. २०२४ च्या डिसेंबरात शहरभर कमानी आणि रोषणाई. अकरातल्या सात प्रकल्पांची सुरुवात मात्र तंतोतंत एकच निघाली : कर्नाटक राज्यातील बेळगावी शहरात १९२४ साली वगैरे.

१९२४ साली कर्नाटक राज्यच नव्हतं. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं, त्या राज्याला कर्नाटक नाव मिळालं १९७३ मध्ये, आणि बेळगावचं बेळगावी झालं २०१४ ला. दर १ नोव्हेंबरला घरातली मोठी माणसं काळ्या दिनाच्या, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात न आल्याच्या निषेधाच्या, फेरीला जाताना बघत वाढलेली ही मुलं. त्यांना हे सगळं तोंडपाठ आहे. तरी ते वाक्य मोबाइलवरून थेट कागदावर उतरलं, वाटेत कुणी थांबून वाचलंच नाही. दुसऱ्याचा मजकूर उचलला की त्याची चूकही आपल्या नावावर चढते.

त्यातली एक जण कळकळीनं म्हणाली, ‘मॅडम, मी कॉपी केलं नाही ओ. मराठीत वाचलं आणि इंग्रजीत मीच लिहिलं की.’

हे ऐकून मला माझं बी. ए.चं शेवटचं वर्ष आठवलं. मलप्रभा नदीवर निबंध होता. मी एका मराठी पुस्तकातली सहा पानं इंग्रजीत आणली, दोन रात्री शब्दकोश घेऊन बसले, आणि एवढी मेहनत केली म्हणजे ते माझंच झालं अशी माझी पक्की समजूत. बाईंनी वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘कणकुंबीला माऊली देवीच्या देवळात उभं राहिल्यावर उगम कुठल्या हाताला येतो?’ मला सांगता येईना. खानापूर तालुक्यातली मी, पण कणकुंबीला कधी गेलेच नव्हते. निबंध परत आला. त्या रविवारी वडिलांबरोबर एस.टी.नं गेले, दुपारभर तिथं बसले. नंतर लिहिलेली तीन पानं अजून माझ्याकडे आहेत.

आमच्या भागातल्या मुलांचा हा खास घोटाळा आहे, म्हणून इतकं लिहिते. शाळा मराठी, बाजारात कन्नड, पदवी इंग्रजीत. तीन भाषांत ये-जा करताना भाषा बदलली की मालकही बदलला असं वाटू लागतं. भाषांतर केलेल्या विचाराचा मालक मूळ लेखकच असतो, त्याचं नाव द्यावंच लागतं. साम्य शोधणारी सॉफ्टवेअर असं भाषांतर बहुतेक वेळा पकडत नाहीत, हे मुलांना माहीत असतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, चाळीसपर्यंत असेल तर प्रबंध सुधारून द्यायचा, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण टक्क्यांचा हिशेब करत बसलेल्या मुलाला शब्द फिरवायला तेवढं शिकायला मिळतं.

तीन भाषा ही खरं तर आपल्या पोरांची श्रीमंती आहे. पुण्याच्या विद्यार्थ्याला कन्नड कागद वाचता येत नाही, धारवाडच्या विद्यार्थ्याला बहुधा मराठी. आपल्याला दोन्ही येतात. १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय गावात आहे. एकाच घटनेबद्दल मराठीत काय छापलं, कन्नडमध्ये काय, इंग्रजीत काय, हे शेजारी शेजारी ठेवून बघण्याची सोय किती जणांना असते?

मी मुलांना वहीची एकच सवय लावते. डावं पान दुसऱ्याचं. तिथं अवतरणचिन्हात जसंच्या तसं, खाली पुस्तक आणि पान क्रमांक, भाषांतर असेल तर मूळ भाषा. उजवं पान स्वतःचं : शंका, राग, हिशेब, आईला विचारायचा प्रश्न, काहीही. पुस्तक मिटायचं, उजव्या पानावर लिहायचं, मग उघडून ताडून बघायचं. महिन्याभरानं वही उघडली तरी कुठलं वाक्य कुणाचं हे कळलं पाहिजे. चोरी करायची म्हणून बसणारे थोडे. बहुतेक जण हे विसरल्यामुळेच अडकतात.

ते सात प्रकल्प मी परत दिले. अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीवर स्वतः जाऊन या आणि गांधींचं अध्यक्षीय भाषण मुळातून वाचा, ही अट घातली. गांधींचं समग्र वाङ्मय इंटरनेटवर फुकट आहे. मुलं कुरकुरली.

‘मीच लिहिलं की’ म्हणणारी मुलगी बेळगावातल्या वडगावची, वडील यंत्रमागावर. तिला सुताची अट सापडली : काँग्रेसच्या सभासदानं दर महिन्याला २,००० वार सूत द्यायचं. वर्गात कुणीच या आकड्यापाशी थांबलं नव्हतं. तिनं उजव्या पानावर गणित मांडलं, १,८२९ मीटर, आणि खाली लिहिलं, ‘एवढं कातायला किती वेळ? पप्पांना विचार.’ त्या रात्री माग बंद झाल्यावर तिनं विचारलं. वडिलांनी वेळ सांगितला नाही, कातणं त्यांचं काम नव्हे. म्हणाले, ‘हातानं कातलेलं सूत आमच्या मागाला दिलं तर तटातटा तुटतंय. एकसारखं नसतंय ते.’ तिथून तिचा प्रकल्प दुसऱ्याच रस्त्याला लागला : गावागावात कातलेलं ते सूत विणलं कुणी, कुठल्या मागावर? उत्तर अर्धंच मिळालं आहे. मला ते अर्धं उत्तर त्या सगळ्या गठ्ठ्याहून मोलाचं वाटतं.

तळटीप लिहिताना ती अडली. ‘मॅडम, घरच्या माणसाचं पण नाव घालायचं?’ म्हटलं, घालायचं. वाक्य त्यांचं आहे.

तिनं पूर्ण नाव लिहिलं, पुढे ‘यंत्रमाग कामगार, वडगाव, प्रत्यक्ष मुलाखत’, तारीख आणि वेळ, रात्री साडेनऊ. दुसऱ्या दिवशी त्या पानाची झेरॉक्स मागायला आली. पप्पांना बघायचंय म्हणाली.