टीप नेमकी कुणाला?

वेटरला टीप देताना आपण फार विचार करत नाही, पण आत घामाघूम होऊन भांडी घासणाऱ्याला कोण देतं? कुणीच नाही, कारण तो दिसतच नाही ना! समोर उभा असेल त्याचीच चांदी. हॉटेलात बॅगा उचलणाऱ्याला मिळते आणि रूम आवरणारी बाई मात्र आपण बाहेर पडल्यावर येते, चादर ताणून, बाथरूम चकाचक करून निघूनही जाते, तिची भेटच होत नाही (उशीपाशी ठेवत जा की काहीतरी). अमेरिकेत तर अजून गंमत, टीप मिळते म्हणून पगारच कमी, तिथल्या केंद्रीय कायद्यात टीपवाल्यांचा किमान रोख पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलाय, म्हणजे मालकाचं ओझं गिऱ्हाइकाच्या गळ्यात. आणि नर्सला द्यायला जावं तर बऱ्याच ठिकाणी नियमच आडवा येतो.