दंड वर झाल्यावरही वाजणारे टाळ

माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर रोज संध्याकाळी समाज आरती होते. पालखी तळावर आली की दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर टिपेला पोहोचतो आणि चोपदार आपला दंड उंचावतात. त्यासरशी हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात आणि त्या दिंडीचे समाधान होऊन टाळ थांबेपर्यंत सारा समाज आरतीसाठी खोळंबून उभा राहतो. सोहळ्याला आजचे रूप हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात दिले, आणि त्याच्या शिस्तीत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघताना मला या प्रथेचे केवळ कुतूहल होते. मी एका कार्यालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या अखेरच्या काळात दप्तरातून एक फाईल गहाळ झाली आणि तिचा ठपका आमच्या शिपायावर आला. ती फाईल एका वरिष्ठाने स्वतः नेल्याचे मी पाहिले होते. चौकशीत मला विचारण्यात आले तेव्हा मी ‘आठवत नाही’ एवढेच म्हणालो. शिपायाच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या, दूरवर बदली झाली, आणि जाताना त्याने मला नेहमीसारखाच नमस्कार केला. त्या नमस्कारानंतर मी त्याला कधी भेटलो नाही. वारीत कोणी माउली म्हणून माझ्या पाया पडले की मला तो आठवे.

दिवेघाट चढलो, सासवडला सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घेतले, नीरेत माउलींच्या पादुकांचे स्नान पाहिले. नातेपुते सोडले त्या दिवशी माझ्या तळपायाला फोड आले होते, म्हणून मी दिंडीच्या ट्रकबरोबर माळशिरसच्या तळाकडे पुढे गेलो. आमच्या राहुट्या ठोकणारा पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा होता. शेजारच्या दिंडीतील एका गृहस्थांची पैशांची पिशवी सापडेना, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या दोघा सोबत्यांनी या मुलाला धरले, अंगावरचे कपडे झाडायला लावले आणि मारले. थोड्याच वेळाने पिशवी त्यांच्याच ट्रकमध्ये वळकटीखाली मिळाली. ती मिळाल्यावर ते गृहस्थ काही न बोलता निघून गेले. हे सारे मी वीस पावलांवरून पाहिले आणि उठलो नाही. पायाला फोड आले आहेत, ही सबब त्या वेळी मला पुरेशी वाटली.

दिंडी तळावर आल्यानंतर गोष्ट सर्वांना कळली. वारीत तंटा नको, पांडुरंग पाहून घेईल, असा बहुतेकांचा सूर होता. पंचवीसहून अधिक वाऱ्या केलेल्या आमच्या अक्का तेवढ्या बोलल्या. त्या विणेकरीबुवांना म्हणाल्या, “बुवा, पोराला मारलं ते माउलींच्या तळावर मारलं. आज दंड वर झाला तरी आपले टाळ थांबवू नका.” बुवा बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी दंड वर झाला. सगळीकडे शांतता पसरली आणि त्या शांततेत केवळ आमचे टाळ वाजत राहिले. तो आवाज फार एकटा वाटत होता. हजारो माणसे आमच्याकडे वळून पाहत होती आणि टाळकऱ्यांचे हात कापत असले तरी ठेका सुटत नव्हता. चोपदार आले. त्यांनी मुलाला विचारले, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग त्यांनी विचारले, “हे कोणी पाहिले?”

मी पुढे झालो आणि जे पाहिले ते सांगितले. मी जागचा उठलो नव्हतो, हेही सांगितले.

त्या गृहस्थांना बोलावण्यात आले. त्यांना सोहळ्यातून बाहेर काढा, असे आमच्यातलेच काही तरुण ओरडू लागले, तेव्हा अक्कांनी त्यांनाही थांबवले. “त्यांचीही वारी आहे. पोरापुढं चूक कबूल करावी, बस्स,” असे त्या म्हणाल्या. गृहस्थांनी चूक कबूल केली, खाली वाकून मुलाच्या पायांना हात लावला आणि वारीच्या रीतीप्रमाणे मुलानेही त्यांच्या पायांना हात लावला. टाळ थांबले आणि आरती सुरू झाली. अक्कांची ही दया नसती, तर आमचे धाडस सूड घेऊनच थांबले असते, असे मला वाटते.

पंढरपुरात महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तेथे मी बराच वेळ उभा होतो. बडवे आपल्याला मारतात, हे गाऱ्हाणे चोखोबांनी अभंगातून थेट विठ्ठलापुढे मांडले. सन 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून येथे आणल्या. तरीही त्यांच्या जातिबांधवांना पुढे सहा शतके मंदिरात पाऊल ठेवता आले नाही. ज्यांना हे दार कधीच बंद नव्हते, त्या साने गुरुजींनी 1 मे 1947 रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. त्याआधी ते महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळवत होते. गाऱ्हाणे ज्याचे, त्यानेच टाळ वाजवत राहावे आणि बाकीच्यांनी आरतीची वाट पाहावी, हे त्यांना मान्य नव्हते. मंदिर खुले करण्याचे मान्य होईपर्यंत त्यांनी अन्न घेतले नाही, आणि पणाला लावला तो फक्त स्वतःचा जीव. चौकशीच्या त्या खोलीत मला जीव पणाला लावायचा नव्हता. केवळ एक वाक्य बोलायचे होते.

परतीच्या एसटीत मी वहीच्या पानावर अर्जाचा मसुदा लिहिला. पहिल्या ओळीत माझे नाव आणि हुद्दा लिहिला, दुसऱ्या ओळीत फाईल गहाळ झाली त्या दिवसाची तारीख, आणि त्यानंतर त्या दुपारी मी दप्तरात कोणत्या टेबलाशी बसलो होतो व कोणाला फाईल नेताना पाहिले, ते लिहिले. अर्जाची एक प्रत त्या शिपायाच्या हाती स्वतः द्यायची असल्याने घरी न जाता मी वाटेत उतरलो आणि त्याच्या गावाची गाडी कोठे लागते, याची चौकशी खिडकीवर केली.