हार्डनॉट खिंडीत १९७१ची एमजीबी: इंजिनाआधी ब्रेक तपासा

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली हार्डनॉट खिंड जुन्या स्पोर्ट्स कारने ओलांडायची म्हटले की अनुभवी मंडळी एकच गोष्ट सांगतात: चढ जबरदस्त आहे, इंजिन ठणठणीत असू द्या, बाकी सारे आपोआप होईल. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत, सुट्या भागांच्या दुकानांत, अगदी वाटेत चहाला थांबलो तिथेही मला हेच ऐकवण्यात आले. हा सल्ला दिशाभूल करणारा आहे. गाडी चालत होती तोवर चढाने काहीच त्रास दिला नाही. जीव टांगणीला लागला तो चढाच्या मध्यावर थांबावे लागले तेव्हा, आणि त्याहून अधिक पलीकडच्या उतारावर. त्या दोन्ही प्रसंगांविषयी मला आधी कोणी चकार शब्द सांगितला नव्हता, म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि अशी गाडी बाळगणाऱ्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी मित्रांना त्याचा थेट उपयोग व्हावा.

माझी गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या मालिकेच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात; अख्खा नवा सांगाडासुद्धा विकत मिळतो. इंजिन १७९८ सीसीचे, दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग), पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. माझ्या गाडीला पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा सर्व्हो नाही, म्हणजे जेवढा जोर पायात तेवढाच ब्रेकला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्याभोवती फिरते.

कव्हेंट्रीहून एम६ महामार्गाने जंक्शन ३६पर्यंत आणि तिथून विंडरमिअरमार्गे ॲम्बलसाइडपर्यंतच्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे एवढेच, की ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारी गिअरची जोडयंत्रणा) चालू स्थितीत असल्याशिवाय तो करू नये. ताशी ७० मैलांना चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण ३,९०० फेरे घेते, तर ओव्हरड्राइव्ह टाकल्यावर ३,२००च्या आसपास येते, आणि हा फरक कानांना आणि पेट्रोलच्या बिलाला चांगलाच जाणवतो. तळ्याकाठचे दिवस छान गेले.

लिटल लँगडेलवरून हार्डनॉटच्या आधी लागणारी रायनोज खिंड चढणे हा चांगला सराव आहे. तिथे गाडीचे तापमान, क्लचचा वास आणि ब्रेकचा पेडल किती खाली जातो हे पाहून घ्यावे, आणि यांपैकी एकाविषयी जरी शंका वाटली तरी रायनोजच्या पलीकडे पायथ्याशी असलेल्या कॉकली बेकच्या पुलाजवळून डाव्या हाताला डडन खोऱ्यात उतरून जावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

कॉकली बेकपासून हार्डनॉट सुरू होते. माथा समुद्रसपाटीपासून अवघा ३९३ मीटर, पण चढ काही ठिकाणी तीनास एक, म्हणजे सुमारे ३३ टक्के. आपल्याकडचे घाटरस्ते सहसा पाच ते सात टक्क्यांच्या घरात असतात, त्यामुळे घाटात गाडी चालवण्याची कितीही सवय असली तरी हा चढ डोळ्यांना खोटा वाटतो. रस्ता एका गाडीपुरता आहे आणि समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी अधूनमधून थोडी रुंद जागा ठेवलेली आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा आपल्या घाटांतला संकेत इथेही आहे, परंतु सुट्टीच्या दिवसांत भाड्याच्या गाड्या घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांना तो ठाऊक नसतो.

नेमके तेच घडले. एका तीव्र वळणाच्या वर उतरणारी मोठी गाडी अडून उभी राहिली, तिच्या चालकाला मागे घेण्याचा धीर होईना, आणि आमच्या मागे आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या. दुपारची वेळ, कडक ऊन, हवा स्तब्ध. एमजीबीच्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात. कार्ब्युरेटर जवळजवळ एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसलेले असतात आणि मध्ये केवळ एक पत्र्याचा पडदा. गाडी चालती असेतो वारा ती उष्णता वाहून नेतो. उभ्या गाडीत मात्र कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळू लागते, आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तर उकळायला नुसते निमित्त पुरते.

शेजारी बसलेल्या मित्राच्या ते आधी लक्षात आले. "अरे, पंप बघ कसा वाजतोय," तो म्हणाला. एसयूचा विजेवर चालणारा पंप गाडीच्या मागच्या बाजूला असतो आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरले की दोन ठोक्यांमध्ये बराच वेळ शांत राहतो. तो आता एकसारखा टकटकत होता, म्हणजे पेट्रोलऐवजी वाफ ओढत होता. पुढच्या मिनिटाला इंजिन अडखळले आणि बंद पडले.

त्या क्षणी गाडी धरून ठेवली ती हँडब्रेकने, आणि ती धरली जाण्याचे कारण असे, की निघण्यापूर्वी मागच्या दोन्ही ड्रमच्या पाठीमागचे चौकोनी डोक्याचे स्क्रू फिरवून आधी ड्रमच्या आतले ब्रेक शू जुळवले होते आणि त्यानंतरच केबलला हात लावला होता. अनेक गॅरेजवाले केबल ताणून मोकळे होतात. लीव्हर घट्ट लागतो, मालक खूश होतो, आणि अशा चढावर गाडी मागे सरकू लागते. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते स्वतः करावे, किंवा समोर उभे राहून करून घ्यावे.

बॉनेट उघडून वीस मिनिटे थांबल्यावर गाडी सुरू झाली. पुन्हा निघताना क्लच जळाल्याचा वास आला, वळणाच्या आतल्या बाजूचे मागचे चाक क्षणभर हवेत फिरले, पण गाडी वर गेली. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: वळणाची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा कितीतरी अधिक उभी असते. वरचा रस्ता मोकळा दिसत असेल तर वळण बाहेरून, मोठे घ्यावे. आतून घेतलेत तर चाक फिरते आणि एक्झॉस्टचा डबा रस्त्याला घासतो. शोभेसाठी सस्पेन्शन खाली बसवलेल्या गाड्यांनी इथे येऊच नये.

माथ्यावरून पश्चिमेकडच्या एस्कडेल खोऱ्याच्या बाजूचे दृश्य अप्रतिम आहे असे सगळे सांगतात. मला ते आठवत नाही, कारण मी उताराकडे पाहत होतो.

पश्चिमेचा हा उतार या प्रवासातला खरा वाईट टप्पा. वळणामागून वळण, दोहोंमध्ये सुटकेला जागा नाही, आणि उतारावर गाडीचे वजन पुढे झुकल्याने मागचे ब्रेक नावापुरतेच उरतात. सारा भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. माझ्या गाडीत ब्रेक ऑइल नुकतेच बदललेले होते, तरीही उतारावर लागणाऱ्या रोमन किल्ल्याच्या वरच्या वळणांवर पेडल आधीपेक्षा खाली जाऊ लागला आणि जळक्या पॅडचा उग्र वास गाडीत शिरला. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, त्यामुळे जुन्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो, ते तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय सरळ फरशीला टेकतो. चार वर्षांचे जुने ऑइल घेऊन मी इथे उतरलो असतो तर काय झाले असते याचा विचार अजून अंगावर काटा आणतो. किल्ल्याजवळ रस्ता जरा सैल होतो. तिथे कडेला गाडी लावून चाके निवेपर्यंत थांबलो. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातला हा किल्ला, डाल्मेशियातून, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून आणलेल्या तुकडीने सांभाळलेला. त्याच्या भिंती आजही कंबरेच्या वर उभ्या आहेत, आणि थांबणे भागच होते म्हणून का होईना, त्या नीट पाहून झाल्या.

उतरताना पहिला गिअर हाच खरा ब्रेक आहे. माझ्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) असल्यामुळे गाडी हळू चालत असतानाही तो पडतो. १९६७च्या अखेरीपूर्वीच्या एमजीबीत पहिल्याला सिंक्रोमेश नाही, म्हणून त्या गाडीच्या मालकाने माथ्यावरच पूर्ण थांबून पहिला टाकावा आणि तळाशी पोहोचेपर्यंत तो काढू नये. अर्ध्या उतारावर गिअर शोधत बसण्याची ही जागा नव्हे.

आता पैशांविषयी. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकडच्या एका गावात, जुन्या गाड्यांचे विशेषज्ञ म्हणवणाऱ्या एका गॅरेजमध्ये केवळ ब्रेक पाहून घ्यावेत म्हणून गेलो. आदल्या दिवशी गाडी बंद पडल्याचे ऐकताच तिथल्या माणसाने ब्रेक बाजूला ठेवले आणि नवा पंप, दोन्ही कार्ब्युरेटर उघडून पुन्हा जुळवणी, असे ६४० पाउंडांचे काम सांगितले. गाडी त्या वेळी घड्याळासारखी चालत होती. मी नकार दिला, तर "तपासणी"चे ९० पाउंड मागितले आणि ते मला द्यावे लागले. हे सरळसरळ लुटणे आहे. थांबलेल्या गरम गाडीत पेट्रोल उकळले आणि थंड झाल्यावर गाडी विनासायास चालली, तर पंप आणि कार्ब्युरेटर निर्दोष आहेत असे समजावे. लक्ष द्यायचे ते उष्णतेच्या पडद्याकडे: त्याचे अस्तर झडले असेल तर नवा पडदा बसवावा, तो पंपाच्या किमतीच्या मानाने स्वस्त आहे. जुन्या पडद्यावरचे अस्तर ॲस्बेस्टॉसचे असू शकते, म्हणून ते खरवडण्याच्या भानगडीत पडू नये. पेट्रोल सुपर दर्जाचे, ई५ लिहिलेले, म्हणजे कमी इथेनॉलचे घ्यावे. सप्टेंबर २०२१पासून इथले साधे पेट्रोल ई१०, म्हणजे जास्त इथेनॉलचे आहे आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. टाकी ॲम्बलसाइडलाच भरून घ्यावी. कुठल्याही गॅरेजमध्ये शिरताना तपासणीचे किती पडतील हे आधी विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे.

अजून गाडी घेतली नसेल, आणि असे रस्ते डोळ्यांसमोर ठेवून घेणार असाल, तर चकचकीत रंग आणि क्रोम यांच्याकडे पाठ फिरवून आधी सिल पाहावी. दाराखालून पुढून मागे जाणारी ही पोकळ पोलादी पेटी म्हणजे छप्पर नसलेल्या या गाडीचा कणा आहे. तिचे पुढचे टोक पुढच्या मडगार्डच्या आत लपलेले असते, त्यामुळे ती नीट बदलायची तर मडगार्ड काढावे किंवा खालून कापावे लागते. हे कष्ट टाळण्यासाठी गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा झाकून वेल्डिंग केलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत, आणि त्या "पूर्ण रिस्टोअर केलेली" म्हणून दुप्पट किमतीला विकल्या जातात. परीक्षा सोपी आहे: गाडी एका बाजूने जॅकवर उचलावी आणि त्या बाजूचे दार उघडून लावून पाहावे. दार अडले किंवा त्याच्या मागची फट आवळली, तर त्या गाडीला हार्डनॉटच्या पिळवटणाऱ्या वळणांवर नेणे दूरच, पण घरीही नेऊ नये. चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक एमओटी चाचणीतून (गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे की नाही ते पाहणारी तपासणी) सूट आहे, हे खरेदीदाराच्या दृष्टीने वाईटच आहे. ती चाचणी ऐच्छिक करून घेता येते. विक्रेता तयार नसेल तर व्यवहार सोडून द्यावा.

तारेची चाके असतील तर चाक ज्यावर बसते त्या हबवरचे दातेही पाहावेत. एक चाक उचलून, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून चाक पुढेमागे हलवावे. खडखड ऐकू आली तर दाते झिजले आहेत, आणि अशा चाकांवर तीनास एकचा उतार उतरण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

दिशेविषयी माझे मत आता पक्के आहे. सर्व्हो नसलेल्या गाडीने हार्डनॉट एस्कडेलकडून, पश्चिमेकडून पूर्वेला चढावी. अधिक उभी बाजू चढताना इंजिनाची कसोटी लागते, आणि ती कसोटी ही गाडी सहज देते. ब्रेकच्या वाट्याला मग कॉकली बेककडचा तुलनेने सोपा उतार येतो. आदल्या रात्री एस्कडेलमधल्या बूट नावाच्या गावात मुक्काम करावा आणि सकाळी सातच्या आत निघावे, म्हणजे समोरून कोणी येत नाही, हवा गार असते आणि मध्येच थांबावे लागत नाही. खिंडीत मोबाइलवर भरवसा ठेवू नये, आणि टोइंगची सेवा गाडी घरापर्यंत पोहोचवते की जवळच्या गॅरेजपर्यंतच, हे कागद वाचून आधीच ठरवावे.

परतताना आम्ही खिंडीच्या वाटेला गेलो नाही. एस्कडेलहून ए५९५ रस्त्याने किनाऱ्याकडेने दक्षिणेला आणि पुढे ए५९०ने जंक्शन ३६ला आलो. रस्ता लांबचा आहे, पण छप्पर उघडे, ओव्हरड्राइव्ह टाकलेला आणि पेडल पुन्हा वर आलेला असताना ती सारी दुपार मी मनापासून आनंदात गाडी चालवली. घरी पोहोचल्यावर पुढचे पॅड काढले तेव्हा त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. ते टाकून नवे घातले आणि ब्रेक ऑइलही पुन्हा बदलले. खिंडीहून परतल्यावर एवढे दोन्ही करण्याचा खर्च धरूनच निघावे.