केंबरांची वाट बघताना

रविवार, रात्री साडेदहा

पहाटे पावणेसहालाच बडोद्याच्या कमाटीबागेत पोचले. वडाच्या फळांवर लाली चढू लागली होती. दोन दिवस उशीर झाला असता तर फळं रिकामीच मिळाली असती. बारा फळं काढली, एकेका बाटलीत एकेक टाकून तोंडाला मलमल बांधली आणि दांडिया बाजारच्या घरी खिडकीशी मांडून ठेवली.

सव्वादहाला पाचव्या बाटलीतल्या फळाला टाचणीएवढं भोक पडलं. फळात वाढलेल्या चिमुकल्या गांधीलमाश्यांचे, म्हणजे केंबरांचे, नर आतून पोखरत होते. त्यांना पंख नसतात. जन्म, मीलन, मरण, सगळं त्या एका फळात; जाता जाता माद्यांसाठी बाहेर पडायची वाट करून द्यायची, बस्स. मग त्या वाटेने एकेक मादी येऊ लागली. तिळाहूनही लहान, काळपट, अंगावर पराग घेऊन आलेली. मी भिंग धरून श्वास रोखून बघत होते.

आई मागे येऊन उभी राहिली. "उंबरं फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात, ती हीच का गं?"

हीच. उंबरातली वेगळी, वडातली वेगळी, पण घराणं एकच. म्हणीत ती दुसऱ्याची झाकलेली भानगड झाली, याचं मला फार वाईट वाटतं. वडाची फुलं फळाच्या आत, बाहेरून दिसतच नाहीत. त्यांच्यापर्यंत पराग पोचवायचा तर टोकाच्या चिंचोळ्या तोंडातून आत शिरणारं कुणीतरी हवं. वडासाठी ते काम युप्रिस्टिना मासोनी करते, उंबरासाठी सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. शिरताना मादीचे पंख तुटतात. आत ती परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं वाढतात त्या फुलांत बी धरत नाही, बाकीच्यांत धरतं. हा व्यवहार सुमारे 7.5 कोटी वर्षं चाललाय. हरियल, तांबट, कोकीळ खातात ती फळं त्यातूनच पिकतात.

मादीच्या हातात एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात तिला दुसरं झाड गाठायचं असतं, कारण एका वडावरची फळं साधारण एकदमच तयार होतात. आपल्या झाडावर तिला जागा नसते. दुसऱ्या झाडाची फळं नेमकी हिरवी, कोवळी, तिला आत घेण्याजोगी हवीत. वास हुंगत, वाऱ्यावर ती जाते. नामिबियात उगाब नदीकाठी उंबराच्याच एका आफ्रिकी भाऊबंदाची केंबरं 160 किलोमीटरपर्यंत गेल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती.

आई म्हणाली, "मग इथे काय, गावाचं नावच वडावरून. जवळच मिळत असेल की झाड."

तेच तर मी शोधतेय. माझ्या वहीत एकेचाळीस वड आहेत. दर दहा दिवसांनी सायकलवरून जाऊन कोणत्या झाडाची फळं कोणत्या अवस्थेत आहेत ते लिहिते. उन्हाळ्यातल्या तीन आठवड्यांत कोवळी फळं फक्त तेविसाव्या झाडावर होती. मागच्या मंगळवारी गेले तर रस्ता रुंद झालेला, झाडाच्या जागी ओली माती. रकान्यात 'नाही' लिहायला हात उचलेना. त्या जागी रोप लावतीलही, पण त्याला फळ धरेपर्यंत किती उन्हाळे जातील? आणि तेही नेमकं त्याच तीन आठवड्यांत?

संध्याकाळी निम्म्या बाटल्या अभ्यासासाठी अल्कोहोलमध्ये ठेवल्या. उरलेल्यांची मलमल गच्चीत जाऊन सोडली. वारा विश्वामित्री नदीच्या बाजूने होता. आता नववी बाटली तेवढी उशाशी आहे, अजून भोक पडलेलं नाही.